कामात गाणे कोठून येते?



वडगावास आलेल्या वक्त्याने १७७९ सालच्या लढाईचा व तहाचा उल्लेख केल्यावाचून खाली बसू नये, असा एक अलिखित दंडक आहे. तो उल्लेख आताच करून टाकतो, आणि त्या ऋणातून मोकळा होऊन विषयाकडे वळतो. विषय लढाईइतका भव्य नाही. सकाळी उठल्यापासून रात्री अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत आपण जे काम करतो, त्यात थोडी गोडी कशी येते, एवढाच तो आहे.

या विषयाला वडगावाइतकी योग्य जागा मिळणे कठीण. आपले ग्रामदैवत पोटोबा महाराज. ‘आधी पोटोबा, मग विठोबा’ ही म्हण महाराष्ट्रात सगळीकडे चेष्टेने म्हणतात. तुमच्या गावात मात्र पोटोबाचे खरोखरीचे देऊळ आहे आणि त्याला खरोखरीचा नारळ फुटतो. त्या म्हणीत एक गोष्ट मुकाट्याने गृहीत धरलेली आहे. पोटासाठी करायचे काम एकीकडे आणि मनाला आनंद देणारे ते दुसरीकडे; पहिले उरकावे, मग दुसऱ्याकडे जावे. आपण सारे तसेच जगतो. दिवस कामाचा आणि संध्याकाळ आपली. सहा दिवस साहेबाचे आणि रविवार आपला. तीस-पस्तीस वर्षे नोकरीची आणि पेन्शन आपली. हा हिशेब मांडून पाहिला म्हणजे ध्यानात येते की, आयुष्याचा फार मोठा भाग आपण ‘आपला नव्हे’ या खात्यात टाकून मोकळे होतो.

पण याच तालुक्यात असा हिशेब न मांडणारी माणसे होऊन गेली. सुदुंबरे येथे संताजी महाराज जगनाड्यांची समाधी आहे. संताजी जातीने तेली. घाणा हा त्यांचा धंदा. तुकोबांचे अभंग त्यांनी लिहून ठेवले आणि त्यांच्या वह्या आपणापर्यंत आल्या. घाण्याचे काम कसे असते, ते जुन्या मंडळींना ठाऊक आहे. बैल एकाच वर्तुळात फिरतो, माणूसही त्याच वर्तुळात फिरतो, आणि दिवसभर चालून दोघेही जेथल्या तेथेच असतात. कंटाळ्याला याहून चांगले चित्र भाषेला सापडले नाही, म्हणून तर आपण ‘घाण्याचा बैल’ म्हणतो. अशा धंद्यातला माणूस अभंगात रमला, आणि त्यासाठी धंदा सोडून रानात जावे असे त्याला वाटले नाही. गोरोबांचे चिखल तुडवणे, सावतोबांचा मळा, जनाबाईचे दळण: आपल्या संतमंडळींच्या कथांत कामाची अवजारे पदोपदी दिसतात. विठ्ठल जनाबाईला भेटायला येतो तो पूजेच्या वेळी येत नाही. दळणाच्या वेळी येतो आणि खुंट्याला हात लावतो. ही कथा ज्याने कोणी प्रथम सांगितली, त्याने पहाटे एकटीने दळणारी बाई जवळून पाहिली असली पाहिजे. तिला त्या वेळी हवा असतो तो खुंट्यावरचा दुसरा हात.

येथेच मी आजच्या मुख्य गोष्टीकडे येतो. महाराष्ट्रात कामाची गोडी शोधायची तर जात्यापाशीच जावे लागते.

दगडाच्या दोन तळ्या, मध्ये खुंटी, वरच्या तळीला उभा खुंटा. समोरासमोर दोघी बसतात. एक ओढते तेव्हा दुसरी लोटते, दुसरी ओढते तेव्हा पहिली लोटते. मधूनमधून मूठभर धान्य तोंडात पडते. यात ताल चुकून चालत नाही. दोघींनी एकाच क्षणी ओढले तर जाते अडते, खांदे दुखतात आणि पीठ जाडे पडते. तेव्हा दोघींना बांधून ठेवील असे काहीतरी हवे, आणि ते काम ओवी करते. एकीने चरण म्हणावा, दुसरीने तो उचलावा, की हात आपोआप जुळतात. कार्ल ब्यूखर नावाच्या जर्मन अर्थशास्त्रज्ञाने १८९६ साली ‘काम आणि लय’ या विषयावर एक ग्रंथच लिहिला. जगभरची श्रमगीते गोळा करून त्याने असे मांडले की, अंगमेहनतीच्या कामातली लय ही गाण्याच्या मुळाशी आहे. आमच्या आज्यांना हे ब्यूखरसाहेबांनी सांगावे लागले नसते. पण एका विद्वानाला तेच दिसले, याचा आनंद आहेच.

ओवी किती जुनी? चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात, महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंद आहे. म्हणजे ज्ञानदेवांनी ओवी हाती घेतली त्याच्या आधी दीड-एकशे वर्षे ती उखळा-मुसळापाशी नांदत होती, आणि राजाच्या ग्रंथात नोंद व्हावी इतकी सर्वांना ठाऊक होती. मराठीतला सर्वांत थोर ग्रंथ ज्या छंदात आहे, त्या छंदाचे नाव आधी कांडपाच्या कामावर घामाने भिजलेले होते. ज्ञानेश्वरीची ओवी आणि जात्यावरची ओवी यांची बांधणी अगदी एकच नाही, हे पंडितांचे म्हणणे मला मान्य आहे. पण घराणे एकच आहे.

आता कोणी म्हणेल, हे सारे गोड आहे. पहाटेचा गार वारा, कंदिलाचा उजेड, जात्याची घरघर आणि मधुर गळा. आमच्या कवींनी आणि चित्रपटवाल्यांनी हे चित्र पुष्कळ रंगवले. मी ते रंगवणार नाही. पहाटे तीन-चारला उठून घरातल्या दहा माणसांचे पीठ काढणे हे कष्टाचे काम होते, आणि त्या बाईला ‘दळतेस का?’ असे कोणी विचारलेले नव्हते. विजेवरची पिठाची गिरणी गावात आली तेव्हा बायकांनी जात्याला रामराम केला, आणि योग्यच केले. गिरणीच्या पट्ट्याला नावे ठेवणारा लेखक मला भेटला की, त्याने एक आठवडाभर रोज दोन शेर ज्वारी दळावी आणि मग लिहावे, असे मनात येते.

परंतु ओवीत जे आहे, ते त्या गोड चित्रात मावत नाही. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये ओव्या गोळा केल्या, कमलाबाई देशपांड्यांनी स्त्रीगीतांना ‘अपौरुषेय वाङ्मय’ असे सार्थ नाव दिले. पुढे या पुणे जिल्ह्यातच एक फार मोठे काम झाले. गी प्वातवाँ हे फ्रान्समध्ये जन्मलेले गृहस्थ १९७२ साली पुण्यास आले आणि पुढे भारताचे नागरिक झाले. त्यांनी व हेमा राईरकरांनी डोंगरी भागातल्या गरीब माणसांच्या संघटनेचे काम करता करता बायकांच्या ओव्या टिपायला प्रारंभ केला. मुळशी-मावळच्या बायांपासून सुरू झालेले हे काम हजारावर गावांत पसरले आणि ओव्यांची संख्या लाखाच्या वर गेली. बर्नार बेल या संगीतज्ञ-संगणकतज्ञाने त्यांची संगणकावर व्यवस्था लावून दिली. प्वातवाँ २००४ साली गेले, हेमाताई २०१० साली गेल्या. २०१७ पासून तो संग्रह ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहालयामार्फत गायिकेच्या व गावाच्या नावासह लोकांपुढे येत आहे. लाख ओव्या! आणि एकीच्याही मनात आपण कविता करतो आहोत असे नव्हते. त्या दळत होत्या.

या ओव्यांत काय आहे? विठ्ठल आहे, भाऊ आहे, माहेरची वाट आहे, लेकीचे कौतुक आहे. पण सासूचा जाच आहे, दारू पिऊन येणारा नवराही आहे, वांझ म्हणून हिणवलेली बाई आहे. सीता आहे, आणि रामाचा आदर राखूनही त्या बाया उभ्या राहतात सीतेच्या बाजूला, कारण वनवास कशाला म्हणतात ते त्यांना पोथीवाचून कळते. मराठवाड्यात माजलगावच्या वस्तीत बाबासाहेबांवरच्या ओव्या मिळाल्या. म्हणजे नवा विचारही जात्यापर्यंत पोचला आणि जात्याने त्याला आपला ताल दिला. घरात जे बोलायची सोय नव्हती, ते जात्याच्या घरघरीच्या आडोशाने बोलता येत होते. पलीकडच्या खोलीत निजलेल्या माणसाला ‘गाणे चालले आहे’ इतकेच ऐकू येई. मला वाटते, ओवीची खरी गोडी येथे आहे. गळा मधुर असेल नसेल. पण आपले दुःख आपल्या शब्दांत, ते समजणाऱ्या समोरच्या बाईपुढे मांडायला मिळणे, हे सुख लहान असले तरी खोटे नाही. कामाचा भार त्याने रतीभरही कमी होत नसे. भार उचलणारी मात्र त्या वेळेपुरती मुकी राहत नसे.

हे ध्यानात घेतले म्हणजे एक भेद स्पष्ट होतो. काम करणाऱ्याने आपल्या कामातून काढलेले सुख वेगळे आणि काम करून घेणाऱ्याने वरून पेरलेले सुख वेगळे. दुसऱ्या महायुद्धात, १९४० सालच्या जूनमध्ये, ब्रिटिश नभोवाणीने कारखान्यांसाठी ‘काम करता करता संगीत’ अशा अर्थाच्या नावाचा कार्यक्रम सुरू केला. हेतू उघड होता: कामगारांचा कंटाळा जावा आणि उत्पादन वाढावे. गाणी त्या बेताने निवडली जात. एका लोकप्रिय गाण्यात मध्येच टाळ्या वाजवायची जागा होती. कामगार त्या जागी हातातली हत्यारे यंत्रावर आपटतील या भीतीने ते गाणे म्हणे वगळले होते. कार्यक्रम लोकांना आवडला, त्याने पुष्कळांचे दिवस सुसह्य झाले, हे मी नाकारीत नाही. पण गंमत पाहा, कामगाराला गाण्यात स्वतःचा हात घालावासा वाटला, तेवढेच नेमके वर्ज्य ठरले.

याच्या उलट उदाहरण क्यूबाचे. तेथे सिगारी वळण्याचे कारखाने आहेत. शेकडो माणसे रांगेने बसून तंबाखूची पाने वळतात. हात गुंतलेले, डोके रिकामे. १८६५ साली हवाना शहरात कामगारांनी एक प्रथा पाडली: आपल्यातल्या एकाने उंच जागी बसून मोठ्याने वाचावे आणि बाकीच्यांनी ऐकत वळावे, वाचणाऱ्याच्या मजुरीची भरपाई सर्वांनी मिळून करावी. वर्तमानपत्र वाचायचे, कादंबरी वाचायची. सरकारला याची इतकी धास्ती वाटली की, पुढच्याच वर्षी, १८६६ साली, वाचनावर बंदी आली. पण प्रथा मेली नाही. बंदी उठताच पुन्हा उभी राहिली आणि टिकली. एका प्रख्यात सिगारीला अलेक्झांद्र द्यूमाच्या ‘मोंते क्रिस्तो’चे नाव मिळाले, ते अशा वाचनाच्या आवडीतूनच, असे सांगतात.

इतक्या दूर जायलाही नको. केरळात कण्णूरकडे विड्या वळणाऱ्या कामगारांत हीच रीत होती. एकाने वर्तमानपत्र वाचावे आणि त्याच्या वाट्याच्या विड्या इतरांनी वळून द्याव्यात. ज्यांना शाळेची पायरी चढता आली नाही, त्या माणसांचे जगाचे ज्ञान अशा बैठकीत वाढले. आपल्याकडे सिन्नर, सोलापूर, अहिल्यानगर येथे विडीचा धंदा मोठा. लाखो विड्या बायकांच्या बोटांतून गेल्या. तेथे असे वाचन सर्वत्र का रुजले नाही, याचा विचार माझ्या मनात पुष्कळदा येतो. बायका बहुधा घरोघर वळतात, एकत्र बसत नाहीत, हे एक कारण असावे. गोडीला सोबत लागते.

आणि सोबतीबरोबर थोडी मोकळीक लागते. तेच काम मोकळीक काढून घेतली की काय होते, ते भाषेनेच नोंदले आहे. दळणे घरात असले तर ओवी. तुरुंगात असले तर ‘चक्की पिसणे’. घाणा सुदुंबऱ्यास होता तसा अंदमानातही होता, त्याला कोलू म्हणत. तेथे बैलाच्या जागी माणूस जुंपीत आणि दिवसाला तीस पौंड खोबरेल काढून घेत. सावरकर १९११ साली तेथे गेले. त्या यातनेतही त्यांनी काव्य रचले, ही त्या मनाची थोरवी. पण म्हणून कोलूत गोडी आहे असे कोणी म्हणणार नाही. कामगाराला उपदेश करणारे पुष्कळ असतात: कामावर प्रेम करा, हसतमुखाने करा, कामच पूजा समजा. हा उपदेश कोण कोणाला करतो आहे, हे आधी पाहावे. मुंबईच्या गिरणीत कामगाराला आठवड्याची सुटी नव्हती, तेव्हा त्याला गोडीचा मंत्र देऊन काय उपयोग होता? नारायण मेघाजी लोखंड्यांनी तो मंत्र दिला नाही. त्यांनी १८८४ पासून सभा भरवल्या, अर्ज केले, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाकडून रविवारची सुटी मान्य करून घेतली. स्वतंत्र भारतातल्या १९४८ च्या कारखाने कायद्याने सलग पाच तासांच्या कामानंतर निदान अर्धा तास विश्रांती द्यायला लावली. त्या अर्ध्या तासात डबा उघडतो, एकाची चटणी दुसऱ्याच्या भाकरीवर जाते, थट्टा होते. लहान सुखाला अशी कायद्याने राखलेली जागा आधी लागते. अर्धा तास नसेल तर चटणी कितीही झणझणीत असली तरी काय करायची?

आता आपल्या मावळाचे आजचे काम पाहू. भात हे मुख्य पीक. तुमच्या गावच्या भात संशोधन केंद्राने १९८७ साली ‘इंद्रायणी’ हे वाण दिले. आंबेमोहोराचा वास आणि अधिक उतारा यांची सांगड त्यात घातली आहे. मला या गोष्टीचे फार कौतुक वाटते. निव्वळ उतारा पाहणाऱ्याने वासाचा हट्ट सोडून दिला असता. घरी भात शिजतो तेव्हा शेजारच्या घरापर्यंत वास जावा, हेही पिकाचे एक मोल आहे, असे कोणीतरी त्या प्रयोगशाळेत मानले. सुखाला हिशेबाच्या वहीत जागा मिळाली, ती अशी.

लावणी मात्र अजून वाकूनच करावी लागते. भर आषाढात गुडघाभर चिखल, पाठीवर पूर्वी इरले होते, आता प्लास्टिकचा कागद असतो. हातात रोपांची मूठ. येथेही गाणे होते आणि अजून काही रानांतून ऐकू येते. एक रांग म्हणते, दुसरी झेलते. आता बांधावर मोबाईल लागलेला असतो, किंवा तरण्या मुलीच्या कानात तार असते. त्याला मी हसत नाही. रात्रपाळीच्या राखणदाराला, एकटा ट्रक घेऊन घाट चढणाऱ्याला ते गाणे मोठा आधार आहे. फक्त एवढेच की, कानातले गाणे दुसरीला झेलता येत नाही आणि त्यात आपल्या सासूचे नाव घालता येत नाही.

तळेगाव-चाकणच्या कारखान्यांत आता यंत्राचा ताल माणसाला पाळावा लागतो. पट्टा ठरावीक वेगाने सरकतो आणि त्याच्याशी ओवी जुळत नाही. कचेरीत संगणकापुढे बसलेल्या मुलाला तर तालच नाही. तरीही माणूस आपले सुख कोठून कोठून काढतो! भाजीवाली वांग्यांचा ढीग देठ एका बाजूला करून रचते. गिऱ्हाईक तो दोन मिनिटांत विस्कटणार, हे तिला पक्के माहीत असते. शिंपी कातरीला आपल्याखेरीज कोणाला हात लावू देत नाही. गवंडी ओळंबा धरून भिंतीकडे एक डोळा मिटून पाहतो आणि स्वतःशीच मान हलवतो. शिक्षक साठ वह्या तपासताना एका वळणदार अक्षराची वही मुद्दाम शेवटी ठेवतात. घराची मालकीण सकाळी सडा घालून चार ठिपक्यांची रांगोळी काढते, आणि नऊच्या आत ती पायदळी जाते. या साऱ्यांत पगार वाढत नाही, काम लवकर आटपत नाही. कदाचित दोन मिनिटे अधिकच जातात. ती दोन मिनिटे त्या माणसाची असतात. कचेरीत नवा साहेब येतो आणि टेबलावरची फुलाची वाटी, खिडकीतली कुंडी, भिंतीवरचे मुलाने काढलेले चित्र ‘शिस्तीसाठी’ काढायला लावतो, तेव्हा तो नेमके काय काढून घेतो, हे त्याला समजत नाही. त्याच साहेबाला पुढे कर्मचाऱ्यांचा उत्साह वाढवण्यासाठी बाहेरून व्याख्याता बोलवावा लागतो. त्याने आम्हा व्याख्यात्यांची सोय होते, ही गोष्ट वेगळी!

शेवटी या व्याख्यानमालेच्या चालकांना एक सूचना करायची आहे. मावळातल्या बायांच्या ओव्या त्या मोठ्या संग्रहात आहेत, आणि ज्यांनी तरुणपणी जात्यावर बसून गायल्या अशा काही आज्या अजून आपल्या गावांत आहेत. पुढल्या वसंतात एक संध्याकाळ वक्त्याला सुटी द्यावी आणि त्यांना येथे बोलवावे. माईकपुढे खुर्चीवर बसवून मात्र नको. हातात खुंटा नसला तर पुष्कळींना ओवी आठवत नाही, असा जाणत्यांचा अनुभव आहे. तेव्हा व्यासपीठावर एक जाते मांडावे लागेल आणि खाली गोणपाट. घराघरांत जाती आहेत, कोठे अंगणात पालथी, कोठे तुळशीपाशी. पण बहुतेकांची तोंडे गुळगुळीत झाली असतील आणि तशा जात्यात दाणा भरडत नाही, नुसता घसरतो. म्हणून जात्याला टाकी लावणारा माणूस तेवढा आतापासून शोधून ठेवावा.